पारायण नव्हे, संगायन
(सलग अठरा तासांच्या वाचनाविषयी थोडे)



एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातील कितीतरी विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत एक उपक्रम होतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त विद्यार्थी ग्रंथालयात येऊन बसतात आणि सलग अठरा तास वाचन करतात. सकाळी सहाला पुस्तक उघडलेला विद्यार्थी रात्री बाराला ते मिटतो. मध्ये जेवणापुरता आणि चहापुरता काय तो उठतो. काही वस्त्यांतील तरुण मंडळे हाच उपक्रम बुद्धविहारातही करतात. शहरी मंडळी अशा बैठकीला वाचनाची मॅरेथॉन म्हणतात. आपल्याकडे तिला ‘अठरा तास अभ्यास’ म्हणतात आणि तेच नाव अधिक चांगले आहे. मॅरेथॉन ही शर्यत असते. अभ्यासात कोणाला मागे टाकायचे नसते.

ज्याला पुस्तकाचे वेड आहे त्याला या दिवसाचा आनंद समजावून सांगावा लागत नाही. एरवी घर दोन खोल्यांचे, माणसे सहा-सात, शेजारी गोंगाट. पुस्तक उघडावे तो कोणीतरी हाक मारते. त्या एका दिवशी मात्र कोणी हाक मारीत नाही. शंभर माणसे एका छपराखाली गप्प बसून वाचीत आहेत, पान उलटल्याचा तेवढा आवाज येतो आहे, हे पाहूनच मन भरून येते. आणि ही शंभर माणसे कोण? ज्यांच्या कानांवर ज्ञानाचे अक्षर पडू नये म्हणून या देशात शास्त्रे रचली गेली, त्यांची ही नातवंडे-पतवंडे आहेत.

हा इतिहास फार जुना नाही. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाईत महार-मांगांपैकी कोणाला वाचता येते असे कळले तर राज्यकर्त्यांना किती संताप येई, हे त्या मुलीने त्यात लिहिले आहे. वाचणे हाच जेथे अपराध होता, तेथे आज आपण अठरा तास उघडपणे वाचतो. म्हणून या उपक्रमाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याविषयी एक प्रश्न मात्र आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. प्रश्न असा की, अठरा तास वाचल्याने नेमके काय होते? वाचणे हे स्वतःच एक पुण्य आहे काय?

जुन्या सवयीची सावली

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपण धम्म स्वीकारला, देव्हारे उतरवले, नवस सोडले. पण मनाच्या सवयी देव्हाऱ्याबरोबर उतरत नाहीत. आपल्या आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांची पारायणे होत आली. सात दिवसांत अमुक पोथी संपवायची, इतके अध्याय रोज व्हायलाच हवेत, मध्ये खंड पडता कामा नये, आणि संपल्यावर फळ ठरलेले: मुलगा होईल, आजार जाईल, संकट टळेल. वाचणाऱ्याला अर्थ कळला की नाही, ही चौकशी तेथे कोणी करीत नसे. वाचून पुरे झाले, एवढे बस्स. ऐकणाऱ्याने मध्येच उठून ‘हे असे का?’ म्हणून विचारणे तर अपशकुनच मानला जाई.

आता आपल्या उपक्रमाकडे पाहा. किती तास झाले, किती पाने झाली, किती जण शेवटपर्यंत टिकले, याची नोंद होते. प्रमाणपत्र मिळते, छायाचित्र निघते. काय वाचले आणि वाचून काय ठरले, याची नोंद सहसा होत नाही. तसे असेल, तर पोथी बदलली आणि पारायण तसेच राहिले, असे म्हणावे लागेल. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लाल फडक्यात गुंडाळून, फुले वाहून, वर्षावासात एकदा भराभर वाचून पुन्हा कपाटात ठेवणारी घरे आहेत. त्यांची श्रद्धा खरी आहे, तिची थट्टा करू नये. पण ज्या ग्रंथकर्त्याने आयुष्यभर ‘विचार करा’ म्हणून सांगितले, त्याचा ग्रंथ विचार न करता वाचला तर त्याचा सन्मान झाला, असे कसे म्हणता येईल?

भगवंतांनी यासाठी एक उपमा दिली आहे ती सर्वांना माहीत असावी. पुष्कळ वचने पाठ म्हणणारा पण त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य हा दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा आहे, असे त्यांनी म्हटले. सायंकाळी गाई मोजून गोठ्यात पोचवायच्या, दूध मात्र मालकाच्या घरी. पाने मोजणाऱ्या वाचकाचेही असेच होते.

बाबासाहेबांचे अठरा तास

कोणी म्हणेल, बाबासाहेब स्वतः अठरा-अठरा तास वाचीत ना? होय, त्यांच्या अफाट वाचनाची आठवण आपल्या समाजात घरोघरी सांगितली जाते आणि ती सार्थ आहे. शाळकरी वयात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, आणि १९२० नंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्यांनी दिवसचे दिवस वाचनात घालवले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेव्हा त्या घराचा मोठा भाग पुस्तकांसाठी होता.

पण त्यांच्या वाचनात एक गोष्ट सतत दिसते. त्यांच्या हातात पुस्तक असे तेव्हा मनात एक प्रश्न असे. रुपयाचे मूल्य का घसरते आणि त्याचा भार कोणावर पडतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले त्यातून १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शूद्र मूळचे कोण, या प्रश्नातून १९४६ चा ग्रंथ निघाला. अस्पृश्यता कोठून आली, या प्रश्नातून १९४८ चा. मनुष्याने दुःखातून कसे सुटावे आणि समाज नीतीवर कसा उभा राहावा, या प्रश्नाच्या उत्तरातून शेवटचा ग्रंथ सिद्ध झाला. तो छापून आलेला पाहण्यास ते राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ साली आला. इतके वाचन ज्याने केले, त्याने किती वाचले याचा हिशेब ठेवला नाही. हिशेब राहिला तो उत्तरांचा.

म्हणून अठरा तास बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहावा. तो मोठा असण्याचे कारण नाही. आमच्या आजीने दीक्षा का घेतली? गावच्या गायरानावर आमचा हक्क कोणत्या कायद्याने? बुद्धांनी आत्मा का नाकारला? एवढा एक प्रश्न घेऊन बसलेला वाचक दहाच पाने वाचून उठला तरी त्याचा दिवस कारणी लागला.

आपली परंपरा संगायनाची

पुष्कळांनी एकत्र बसून दीर्घकाळ ग्रंथ म्हणणे ही गोष्ट बौद्धांना नवी नाही. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्खू जमले. त्या सभेला संगीती म्हणतात. संगायन म्हणजे एकत्र म्हणणे. पण ते म्हणणे कसे झाले हे लक्षात घ्या. महाकश्यप प्रश्न विचारीत आणि उत्तर येई. हा नियम कोठे सांगितला? कोणाला उद्देशून? कशामुळे? विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते उपालीला, आणि उपाली न्हाव्याच्या कुळातला होता. धम्माविषयीचे प्रश्न आनंदाला. उत्तरे ऐकून सभेने संमती दिली, मग सर्वांनी ते एकत्र म्हटले. म्हणजे आपल्या परंपरेतील पहिले दीर्घ पठण प्रश्नाने सुरू झाले, आणि त्यात पहिले उत्तर देणारा, वर्णव्यवस्था ज्याला खालचा म्हणते, असा मनुष्य होता. एवढी एक गोष्ट जरी आपल्या मुलांना समजली तरी पुष्कळ झाले.

पुढेही हीच रीत राहिली. ब्रह्मदेशात मिंडॉन राजाच्या काळी, १८७१ साली, मंडाले येथे पाचवी संगीती भरली. संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलापटांवर कोरण्यात आले होते. भिक्खूंनी कित्येक महिने बसून सगळा मजकूर म्हणून पाहिला. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी संगीती झाली. बाबासाहेबही जागतिक बौद्ध परिषदेसाठी १९५४ च्या डिसेंबरात रंगूनला गेले होते. देशोदेशींच्या प्रती समोर ठेवून, पाठ पडताळून, चुका काढून ग्रंथ शुद्ध करण्याचे काम तेथे झाले. इतके दिवस, इतक्या जणांनी मिळून वाचण्याचा हेतू हा होता की, एकाची चूक दुसऱ्याच्या कानाने पकडावी.

पारायण आणि संगायन यांत फरक तो हाच. पारायणात एक वाचतो आणि बाकीचे हात जोडतात. संगायनात एक म्हणतो आणि बाकीचे कान टवकारून बसतात. पारायणाला शेवट गाठायचा असतो, तर संगायनाला चूक शोधायची असते. आपले अठरा तास यांपैकी कशासारखे असावेत, हे आता वेगळे सांगायला नको.

वीणेची तार

आता तासांविषयी. तरुण म्हणतात, आकडा ठरवल्याशिवाय कोणी बसतच नाही. त्यात तथ्य आहे. वीर्य, म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, धम्मात फार मोलाचा मानला आहे. एकदा तरी आपल्याच्याने किती होते हे पाहावे, त्याने आत्मविश्वास येतो. पण प्रयत्न आणि देहदंड यांत अंतर आहे. भगवंतांनी स्वतः उरुवेलेत देह झिजवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला.

सोण कोळिविसाची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. लाडाकोडात वाढलेला हा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करताना इतका चालला की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मन मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर सूर निघत होता काय? फार सैल ठेवली तर? सोणाला समजले. सोळाव्या तासाला ज्याचे डोळे मिटू लागले आहेत आणि जो केवळ शेजारी उठला नाही म्हणून बसून आहे, त्याने ही वीणा आठवावी. झोप आली तर झोपावे. राहिलेले दोन तास उद्या वाचले तर धम्म बुडत नाही. शाळकरी मुलांना तर अशा बैठकीत जबरदस्तीने मुळीच बसवू नये. पुस्तकाची धास्ती एकदा बसली की ती मोठेपणीही जात नाही.

आणि ज्यांचे वाचन सावकाश चालते त्यांचा संकोच दूर केला पाहिजे. प्रौढपणी अक्षर शिकलेला एखादा उपासक बोट ठेवून ओळ वाचतो. शेजारचा पदवीधर तोवर दहा पाने उलटतो. चुल्लपन्थकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही. सख्ख्या भावाने त्याला निघून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले, ते हाताळता हाताळता मळले आणि त्या मळण्यातून त्याला अनित्यता कळली. उलट, आनंदाइतके कोणीच ऐकले नव्हते, तरी तो अर्हत झाला तो पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री. बहुश्रुत असणे हे मंगल आहे, पण ते पुरेसे नाही.

या अठरा तासांची किंमत कोण देतो?

आता जो प्रश्न सहसा विचारला जात नाही तो विचारतो. मुलगा अठरा तास वाचत बसला, तेव्हा घरात काय चालले होते? आई पहाटे चारला उठली, डबा केला, पाणी भरले, कामावर गेली, परत आली, पुन्हा डबा विहारात पोचवला. विहारात चहा कोणी केला? भांडी कोणी घासली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते. मुलाचे अठरा तास आईच्या अठरा तासांवर उभे असतात. आणि प्रमाणपत्र मुलाला मिळते.

बाबासाहेब परदेशी वाचीत होते तेव्हा मुंबईत माता रमाईंनी काय सोसले हे आपण जाणतो. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्याने इतके वाचले त्याने आपल्या वाचनाची किंमत कोणी दिली हे ओळखले आणि ग्रंथाच्या पहिल्या पानावर ते लिहिले. आपण निदान त्या दिवशी चूल तरी आपल्या हाती घ्यावी. तरुणांनी पाळीपाळीने स्वयंपाक करावा, भांडी घासावी, आणि आई-बहिणींना पुढच्या रांगेत बसवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचावे. ‘बहुश्रुत’ या शब्दाचा अर्थच ‘ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो’ असा आहे. तेव्हा ऐकणारी आजी ही वाचणाऱ्या नातवापेक्षा तसूभरही कमी नाही. किंबहुना तिच्या प्रश्नांनीच बैठक जिवंत राहते. ‘हे मला कळलं नाही रे, पुन्हा वाच,’ असे ती म्हणते, तेव्हा नातवालाही पहिल्यांदा कळते की, ते आपल्यालाही कळलेले नव्हते.

पंचशील आपण रोज म्हणतो, ते वाचनालाही लागू आहे. न वाचलेले पुस्तक वाचले म्हणून सांगणे हा मुसावाद आहे. मग ते नोंदवहीत सही करून सांगितले तरी. ग्रंथालयाचे किंवा मित्राचे पुस्तक नेऊन परत न करणे हे अदिन्नादान आहे. पुस्तकवेड्यांपैकी पुष्कळ जण येथे अडखळतील! आणि वाचलेले घेऊन न वाचलेल्याला हिणवणे, हे ज्या रोगावर औषध म्हणून आपण अक्षर घेतले तोच रोग नव्याने जडवून घेणे होय. ज्ञानाच्या जोरावर उच्चनीचता उभी करणाऱ्यांचे आपण काय भोगले, ते आपल्याइतके कोणाला ठाऊक?

काय करता येईल

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढणे हेही होते. पुस्तक एकट्याने मिळवायचे धन आहे, असे त्या सभेने मानले नाही. तोच धागा आपण पुढे न्यावा. वर्षातून एक दिवस अठरा तास अवश्य बसावे. पण आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने रोज अर्धा तास घरात एकत्र वाचावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगावे, तिसऱ्याने प्रश्न विचारावा. ज्याचे उत्तर घरात मिळाले नाही तो प्रश्न वहीत लिहावा आणि पौर्णिमेला विहारात मांडावा. १४ एप्रिलच्या बैठकीत शेवटचा एक तास पुस्तके मिटून ठेवावी आणि त्या वह्या उघडाव्या. कोणी किती पाने वाचली हे कोणी विचारू नये. कोणाला कोणता प्रश्न पडला एवढेच प्रत्येकाने उभे राहून सांगावे.

पाली भाषेत ‘छन्द’ म्हणजे इच्छा. ती तृष्णेकडेही नेते आणि कुशल कर्माकडेही नेते. मराठीत तोच शब्द आपण आवडीसाठी वापरतो. वाचनाचा छंद असलेल्या आपल्या मुला-मुलींना घरात पुस्तक द्या, दिवा द्या, शांतता द्या. आणि रात्री बाराला पुस्तक मिटून ती घरी आली म्हणजे त्यांना एकच विचारा: आज काय कळलं, आणि त्यातलं आम्हाला काय सांगतोस?